ऑस्ट्रेलियाचा रानगडी

ऑस्ट्रेलियन मनुष्य म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें एकच गडी उभा राहतो. उंच, सडपातळ, उन्हानें रापलेला, मोजकें बोलणारा. डोक्यावर रुंद काठाची टोपी, पाठीवर वळकटी, हातांत चहा उकळावयाचा पत्र्याचा डबा. आणि कसलाही प्रसंग आला तरी सोबत्याला न सोडणारा. त्या देशांत शहराबाहेरच्या साऱ्या रानमुलुखास 'बुश' म्हणतात, म्हणून हा 'बुशमन'. आमच्या बहुतेक वाचकांसही हाच गडी ठाऊक असेल. इ. स. २००० मध्यें सिडनी येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हांही उद्घाटनास प्रथम एक एकटा घोडेस्वार दौडत आला व त्याच्यामागून १२० स्वार आले. मौज ही कीं, ह्या देशांत आज दहांतील जवळजवळ नऊ माणसें नगरवासी आहेत!

पूर्वी तरी निराळें होतें काय? १८९१ सालीं व्हिक्टोरिया वसाहतींतील दर पांच माणसांपैकीं दोन एकट्या मेलबर्न शहरांत राहत होतीं. मग हा रानगडी घडविला कोणीं? बव्हंशीं शहरांत बसून लिहिणारांनीं. सिडनींत १८८० सालीं 'बुलेटिन' नांवाचें साप्ताहिक निघालें. त्यास लोक 'बुशमनचें बायबल' म्हणत. त्यांत लिहिणारा बँजो पॅटर्सन हा सिडनींतला वकील. त्याचें बालपण खेड्याकडे गेलें होतें, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. (मुंबईच्या चाळींत बसून 'खेड्यांतील रम्य जीवन' हा निबंध लिहिणारे आमच्यांतही कांहीं थोडे नाहींत!) दुसरा हेन्री लॉसन. १८९२ सालीं ह्या दोघांनीं 'बुलेटिन'च्या पानांवर कवितांतूनच वाद मांडला. पॅटर्सनचें रान म्हणजे मोकळा वारा व मोकळें मन. लॉसनचें रान म्हणजे धूळ, अवर्षण आणि एकटेपणा. आमचें मत विचाराल तर आम्ही लॉसनच्या बाजूचे. त्याच वर्षीं तो बर्क गांवीं गेला व ऐन उन्हाळ्यांत, दुष्काळांत, २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या हंगरफर्डपर्यंत पायीं जाऊन आला. पाय पोळलेल्या माणसाच्या शब्दास वजन असतें. परंतु लोकांस रुचलें तें पॅटर्सनचें रान, आणि पुढें दहा डॉलरच्या नोटेवर त्याचा मुखवटाही आला.

चित्र सर्वस्वीं खोटें होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. १८९१ सालीं क्वीन्सलंडांत मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांनीं मोठा संप केला; सोबत्याला न सोडण्याचा त्यांचा बाणा पोकळ नव्हता. आमची तक्रार निराळी आहे. ज्यांनीं तें रान खरोखर राबविलें, त्यांपैकीं कितीएक ह्या चित्रांत नाहींत. नवरा महिनोगणती मेंढ्या हांकीत दूर गेला असतां, घरांत शिरलेल्या सापावर पोरांसह रात्रभर पहारा करणारी बाई लॉसननें एका गोष्टींत उभी केली. परंतु देशाची मूर्ति म्हणून तिला कोणीं निवडलें नाहीं. १८६० सालीं एका मोठ्या मोहिमेसाठीं सुमारें दोन डझन उंट व त्यांचे हांकणारे कराचीहून मेलबर्नला गेले. कराची तेव्हां आमच्याच मुंबई इलाख्यांत होती! पुढें कित्येक वर्षें, जेथें रूळ पोंचले नव्हते तेथें लोकर व धान्य अशाच उंटवाल्यांनीं वाहिलें. बलुची कोण, सिंधी कोण, पंजाबी कोण, ह्याची चौकशी न करितां त्या साऱ्यांस 'अफगाण' म्हणून मोकळे झाले.

आणि मूळ रहिवासी? उत्तरेकडील अफाट कुरणांवर घोड्यावर बसून गुरें राखण्याचें काम त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें, बहुधा शिधा व तुटपुंजी मजुरी एवढ्यावरच. १९६६ सालीं वेव्ह हिल येथें व्हिन्सेंट लिंगियारी ह्या गुराख्याच्या पुढारीपणाखालीं सुमारें २०० गुरिंजी लोक काम सोडून निघून गेले. तंटा मजुरीचा दिसला, तरी त्यांचें मागणें आपल्या जमिनीचें होतें, आणि तें त्यांनीं नऊ वर्षें सोडलें नाहीं. १९७५ सालीं पंतप्रधान गफ व्हिटलम स्वतः तेथें गेले व त्यांनीं त्या भूमीची मूठभर माती लिंगियारींच्या हातांत ओतली. त्या प्रसंगाचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. तें घेणारे मर्व्हिन बिशप हेही मूळ रहिवाशांपैकींच.