सोनेरीच्या शेजारचा निळा

कार्तिकात तिलवाऱ्याच्या घाटावर दिवे सोडतात. द्रोणातली ज्योत जरा वेळ जागच्या जागी गिरकी घेते आणि मग प्रवाहाला लागून भेडाघाटाच्या दिशेने निघते. चातुर्मास संपलेला असतो, परिक्रमेला निघालेली मराठी माणसं ‘नर्मदे हर’ म्हणत काठाकाठाने चालू लागलेली असतात. पावसाने धुतलेली हवा अजून निवळ असते. जबलपूर शहर घाटाच्या उत्तरेला, त्यामुळे त्याचा उजेड पाठीशी राहतो आणि नदीपलीकडचं दक्षिणेचं आकाश त्यामानाने काळं मिळतं. नागपूरच्या रस्त्यावरच्या पुलावरून ट्रकचे दिवे सरकत असतात, तेवढे आडोशाला गेले की झालं. अशा रात्री एखाद्या अंगणात सहा इंची आरशाची दुर्बीण मांडली जाते, आणि पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याचा हमखास हिरमोड होतो.

तो फोटो पाहून आलेला असतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत गुलाबी, जांभळा, पेटल्यासारखा. नेत्रिकेत मात्र दिसतो काचेवर सोडलेल्या श्वासासारखा एक राखाडी पुंजका.

दुर्बीण खोटी नाही आणि फोटोही खोटा नाही. याचं उत्तर नदीच्या खालच्या अंगाला, भेडाघाटात आहे. तिथले संगमरवरी कडे दिवसा पाहावेत: कुठे पिवळसर, कुठे गुलाबी, कुठे हिरवट, कुठे निळसर करडे. तेच कडे पौर्णिमेच्या रात्री नावेतून पाहिले तर सगळे एकजात दुधी. दगड तोच, डोळाही तोच. पण रंग ओळखणाऱ्या डोळ्यातल्या शंकू पेशींना पुरेसा उजेड लागतो. चांदण्यात त्या मंदावतात आणि कारभार दंड पेशींच्या हाती जातो. या पेशी अंधुक प्रकाशातही पाहू शकतात, रंग मात्र त्यांना कळत नाही. काळोखाला पुरतं सरावायला डोळ्याला अर्धा तास तरी लागतो, आणि तो अर्धा तास सोसल्यावर जे आकाश दिसतं ते बहुतेक रंगाविना.

मग रंग पाहायचे कुठे? ताऱ्यांत. सहा इंची आरसा काळोखात विस्फारलेल्या बाहुलीपेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा हा प्रकाश मोठ्या झालेल्या चित्रावर विखरून जातो, त्यामुळे ती डोळ्याला दिसते त्याहून उजळ काही होत नाही. ताऱ्याचा प्रकाश मात्र एका टिंबात साठतो. ते टिंब इतकं तेज होतं की झोपलेल्या शंकू पेशी जाग्या होतात.

कार्तिकातल्या संध्याकाळी हंस पश्चिमेकडे झुकलेला असतो. त्याच्या चोचीच्या टोकाशी अल्बिरिओ. नुसत्या डोळ्याला तो एक साधा तारा, कुणी मुद्दाम दाखवला नाही तर नजर तिथे थांबायचीही नाही. दुर्बिणीत त्याचे दोन होतात. एक जुन्या सोन्यासारखा, दुसरा त्याच्या कुशीत, लहान आणि निळा. पाहणारा इथे बोलायचा थांबतो. त्याला नेत्रिका किंचित फिरवून चित्र मुद्दाम थोडं बिघडवायला सांगावं: टिंबांच्या चकत्या होतात, प्रकाश डोळ्याला दिपवेनासा होतो आणि दोन्ही रंग अधिकच ठसठशीत उमटतात. सोनेरी ताऱ्याचा पृष्ठभाग साडेचार हजार अंशांच्या आसपास, निळ्याचा बारा-तेरा हजारांच्या घरात. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढुरकं. तोच क्रम आकाशात निळ्यापर्यंत जातो. घाटावरच्या दिव्याची ज्योत या क्रमात पार खालच्या पायरीवर बसते. हे दोघे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की दृष्टिरेषेत जवळ आलेत, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

आणि तो निळा पूर्णपणे त्याचा स्वतःचा नाही. दुर्बीण हळूच सरकवून सोनेरी तारा चौकटीबाहेर घालवला, तर एकटा उरलेला निळा काहीसा फिका पडतो. पुन्हा आत आणला की निळा परत गडद.

शेजारामुळे खुलणाऱ्या या रंगांसाठी जोडतारे पाहावेत, आणि ते पाहण्याची परंपरा मराठी मुलखात जुनी आहे. कंपनीच्या लष्करातला इंजिनिअर विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारली आणि पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून २४४ जोडताऱ्यांची यादी केली. वृश्चिकातल्या ‘न्यू’ ताऱ्याचा मंद सोबती एकटा नाही, तोही दुहेरी आहे, हे त्याला १८४७ मध्ये दिसलं. पुढे मद्रासची वेधशाळा सांभाळून, नवी दुर्बीण घेऊन पुण्याजवळच्या डोंगरावर वेध घ्यायला तो १८६२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उतरला आणि आठवडाभरात पुण्यात वारला. ती दुर्बीण त्याच्या हातून आकाशाला लागलीच नाही, ही गोष्ट वाचताना अजून चुटपुट लागते.

रात्र चढते तशी रोहिणी वर येते. रोहित म्हणजे लाल. नाव ठेवणाऱ्यांनी दुर्बिणीशिवाय रंग टिपला होता. तिच्यामागून मृग, त्यात तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य एकाच चौकटीच्या दोन कोपऱ्यांत. आता तो राखाडी पुंजका पुन्हा पाहावा. तिरक्या नजरेने नव्हे, थेट मध्यावर, कारण शंकू पेशी नजरेच्या मध्याशीच दाटलेल्या असतात. मिनिटभराने राखाडीत एक हिरवट छटा उतरते, शेवाळलेल्या पाण्यासारखी. कॅमेरा पकडतो तो हायड्रोजनचा लाल, ज्याला अंधारातला डोळा जवळजवळ आंधळा असतो. डोळा पकडतो तो ऑक्सिजनचा हिरवा. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेषा पाहिली, तेव्हा ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं द्रव्य कल्पिलं गेलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ही करामत आहे हे आयरा बोवेनने उलगडलं ते १९२७ मध्ये.

वैशाखात उकाड्याने अंगणात बाजा पडतात तेव्हा जेकबचा वृश्चिक नदीवर येतो. तिलवाऱ्याहून त्यातली ज्येष्ठा क्षितिजापासून चाळीस अंशांवर चढते, युरोपातल्या निरीक्षकांना इतकी उंच ती कधीच मिळत नाही. हिलाही एक सोबती आहे, तिच्या झगमगाटात बुडालेला. हिरवा तारा म्हणून डोळ्याला दिसेल असा तारा आकाशात नसतो, पण हा सोबती अनेकांना हिरवा दिसला आहे, निव्वळ त्या लालीच्या शेजारामुळे. सहा इंचांत तो सापडणं कठीण. हवा उकळत असते, ज्येष्ठा निखाऱ्यासारखी फुलते, विझल्यागत होते, पुन्हा फुलते. मध्यरात्रीनंतर कधी तरी नदीवरचा वारा पडतो, हवा दोन-तीन सेकंद स्तब्ध राहते, आणि लाल टिंबाच्या अगदी कडेला सुईच्या टोकाएवढं काहीतरी हिरवं चमकून जातं.