बांडगूळ नव्हे

'बांडगूळ' हा शब्द आपल्या भाषेत वनस्पतींपेक्षा माणसांनाच अधिक लावला जातो. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या, स्वतःची मिळकत नसलेल्या माणसास तो चटकन चिकटतो आणि मग निघता निघत नाही. आमच्या परसातील आंब्याच्या खोडावर एक परदेशी ऑर्किड वाढते आहे. त्याच्याकडे बोट दाखवून पुष्कळांनी हाच शब्द उच्चारला, म्हणून चार शब्द लिहिणे अवश्य वाटते.

ह्या ऑर्किडाचे नाव कॅटलिया लॅबिएटा. त्याचे माहेर ब्राझीलच्या ईशान्य भागातील डोंगराळ अरण्यांत आहे. तेथून ते विल्यम स्वेन्सन ह्यांनी इंग्लंडास पाठविले. विल्यम कॅटली ह्यांच्या काचगृहात १८१८ साली ते फुलले आणि जॉन लिंडली ह्यांनी १८२१ साली कॅटलींच्या नावावरून त्याचे नामकरण केले. पुढे युरोपात ऑर्किडांचे वेड इतके बळावले की, कोलंबियाच्या अरण्यांत फांद्यांवरची रोपे काढण्यासाठी वृक्षच्या वृक्ष तोडण्यात आले. वृक्षांचा घात झाला खरा; पण तो ऑर्किडांनी नव्हे, त्यांच्या चाहत्यांनी केला!

आंब्यावरचे खरे बांडगूळ फांदीत आपली मुळे रुतवून तिचा रस ओढते. ऑर्किड सालीला केवळ बिलगून असते. त्याच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते टिपून घेते, आणि भिजले म्हणजे हिरवट दिसू लागते. हे पाणी फुगीर खोडांत साठते, अन्न पानांत तयार होते. वृक्षाकडून त्यास मिळते ती जागा आणि उजेडाजवळची उंची.

त्याची निगा आमच्या आत्याबाई राखतात. तरुणपणी वैधव्य आले तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत. मूळ रोप त्यांनी काथ्याने आंब्यास बांधले. त्याचे फुटवे त्या कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण घातलेल्या कुंड्यांत लावतात. मातीचा कणही घालीत नाहीत, कारण तीत कोंडलेली मुळे कुजतात. मुळे पांढरी पडल्यावाचून पाणी नाही. पाने गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतो असे समजून कुंडी हलवावयाची; नवी मुळे फुटू लागली म्हणजेच कुंडी बदलावयाची. हे सर्व घरातील स्वयंपाकपाणी, दुखणीबाणी आणि आमच्या मुलांचे संगोपन सांभाळून!

गेल्या दसऱ्यास त्यावर तीन फुले आली होती. गुलाबी-जांभळी, गडद ओठाची, सुवासिक. घरी आलेले एक गृहस्थ म्हणाले, "सुंदर आहे, पण शेवटी बांडगूळच!" आत्याबाई झारी घेऊन जवळच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "फांदीनं जागा दिली एवढंच. पोट त्याचं ते भरतं."

गृहस्थ हसले. आम्हांस मात्र हसवेना. आमच्या घराचे हिशेब आम्ही नेमाने लिहितो. त्यांत आत्याबाईंच्या जेवणाखाणाचा, लुगड्यांचा खर्च पैशापैशाने मांडलेला सापडेल. त्यांच्या श्रमांसाठी त्या वहीत रकानाच नाही, आणि तो कोणत्याही घरच्या वहीत असेल असे आम्हांस वाटत नाही.