कार्डावर नसलेला हेतू

मजकूर छोटा असला की वाचायला सोपा, असा वर्गात समज असतो. भाषेच्या शिक्षकाला मात्र पानभर उताऱ्यापेक्षा दोन ओळींची चिठ्ठी जास्त दमवते. काय सांगितले आहे, हे मुले चटकन ओळखतात. कोणाला सांगितले, इथे अडखळतात. कशासाठी, याचे उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने ठोकून देतात.

रत्नागिरीच्या शिक्षकाला या धड्यासाठी लांब जायला नको. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. 6 जुलै 1897 च्या ‘केसरी’तला त्यांचा मथळा घ्या: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ प्रश्न सरकारविषयी, पण विचारलेला मराठीत. प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यानंतर पुण्यात सुरू झालेली दडपशाही सोसणाऱ्या वाचकाला तो धीर देतो. उत्तराची अपेक्षा त्यात नाहीच.

त्याहून कठीण नमुना 1908 चा. टिळकांवरचा खटला ‘केसरी’तल्या लेखांवर होता, पण घरझडतीत एक पोस्टकार्ड सापडले आणि तेही पुराव्यात आले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकारी पक्षाला त्यात लेखकाचा घातक हेतू दिसला. टिळकांनी सांगितले, की नव्या स्फोटक पदार्थ कायद्यावर टीका करायची होती. कायद्यातली ‘स्फोटक’ची व्याख्या तपासायला पुस्तके हवी होती, म्हणून ही टिपणे.

शब्दांवर दोन्ही पक्षांचा वाद नव्हता. टिपण स्वतःसाठीच, म्हणजे वाचकही ठरलेला. भांडण फक्त हेतूचे होते आणि हेतू कार्डावर लिहिलेलाच नव्हता! तो आजूबाजूला शोधावा लागतो. कायदा झाला जून 1908 मध्ये. 9 जूनच्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला, तो सरकारच्या याच नव्या कायद्यांवर. ही तारीख कार्डाशेजारी ठेवली, की टिळकांचे म्हणणे पटते.

22 जुलैला नऊ ज्युरींपैकी सातांनी त्यांना दोषी धरले, दोघांनी नाही. शिक्षा सहा वर्षांची झाली.

रत्नागिरीतल्या शिक्षकांनी हे कार्ड एकदा वर्गात घ्यावे. फळ्यावर पुस्तकांची नावे नकोत. नुसते ‘स्फोटकांवरची दोन पुस्तके’ एवढेच लिहावे आणि मुलांना हेतू विचारावा. उत्तरे आल्यावर मग कायद्याचा महिना आणि अग्रलेखाची तारीख सांगावी, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.