बरणीतला तुकडा

टाके निघाले की दुखणे संपले, असे आपण धरून चालतो. काढलेला तुकडा तपासायला दिला आहे, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. मातीचा नमुना द्यायचा आणि अहवाल न्यायला फिरकायचेच नाही, ही खोड मी नोकरीत ३० वर्षे पाहत आलो. माणसाच्या बाबतीतही तेच चालते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचे अपेंडिक्स काढले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारे हे बोटाएवढे शेपूट. फॉर्मॅलिनच्या बरणीतून ते लॅबमध्ये पोचले, पण रिपोर्ट आणायचा सोयाबीनच्या काढणीत राहून गेला. दिवाळीला मी विचारले, तर म्हणतो, "मामा, काढून टाकलं की ते! आता काय बघायचं त्यात?"

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनच गेलो. अपेंडिक्सच्या टोकाशी ६ मिलिमीटरची गाठ निघाली होती. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, जुने नाव कार्सिनॉइड. 'गाठ' म्हणताच अक्काने डोळ्याला पदर लावला. कुणी म्हणाले मुंबईला न्या, कुणी देवऋषी सुचवला. सर्जननी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सांगितले, की काढलेल्या १०० अपेंडिक्समध्ये अशी गाठ एखाद्यातही क्वचितच सापडते. १ सेंटिमीटरहून लहान असून पुरती निघाली असेल, तर बहुधा पुढे काही करावे लागत नाही. २ सेंटिमीटरहून मोठी असती, तर आतड्याचा उजवा भाग काढायचा विचार करावा लागला असता. अक्का त्या दिवशी पोटभर जेवली.

हे पोट चाचपून कळत नाही. तुकडा मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कृषी महाविद्यालयात आम्ही पात्याने खोडाचे काप काढायचो, त्यातलाच हा प्रकार.

आत काय सापडेल याचा नेम नाही. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचे ऑपरेशन केले. आत अपेंडिक्स होते आणि त्याला भोक पाडलेली टाचणी! पोराने ती गिळलेली. भूल देण्याची सोय नसतानाच्या काळातही पोर वाचले. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली यशस्वी नोंद.

आपल्याकडे कधी त्यात टीबी निघतो. मग किमान ६ महिने नेमाने औषध घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहिला, तर टीबी आत वाढत राहतो.

कधी दोऱ्यासारखे पांढरे जंत निघतात. वांग्याच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचेच हे भाऊबंद. पोट त्यांच्यामुळेच दुखले असे नेहमी नसते, पण घरात जंत आहेत हे नक्की कळते. मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, पोर खाजवते आणि नखांतून अंडी घरभर जातात. म्हणून डॉक्टरांना विचारून साऱ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यायचे, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे. नखे कापायची, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचे. "मला कुठले आलेत जंत?" म्हणणाऱ्या आजोबांनाही गोळी द्यायचीच.