हिंगाची डबी

मन नावाची वस्तू आपल्याकडे आहे, हे मला मार्च २०२० पर्यंत ठाऊक नव्हते. बी.कॉम.ला ते नेमलेले नव्हते आणि बँकेत त्याचा काउंटर नव्हता. डोके दुखले तर गोळी, पोट बिघडले तर ओवा. बाकी जे काही दुखते ते पगार झाला की थांबते, अशी माझी समजूत.

२५ मार्चला सगळा देश घरात बसला आणि आम्ही बँकवाले मात्र अत्यावश्यक ठरलो. मला तोवर कुणीच अत्यावश्यक म्हटले नव्हते. घरी तर नाहीच. एप्रिलात जनधनच्या बायकांच्या खात्यांत पाचशे रुपये आले. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते. शून्य-एकवाल्यांनी ३ तारखेला यायचे, दोन-तीनवाल्यांनी ४ला. पण पोटाला खाते क्रमांक नसतो. सगळे आकडे पहिल्याच दिवशी रांगेत! आणि काचेच्या अलीकडे मी, नोटा मोजत. बोट जिभेला लावायची माझी जुनी सवय, साहेबांच्या तीन मेमोंनी न सुटलेली, त्या दिवशी सुटली.

घरी आई. वय चौऱ्याहत्तर, त्यात दमा. मी आलो की ती आतल्या खोलीतून विचारायची, "आलास का रे?" आणि मी न्हाणीघरातून ओरडायचो, "आलो!" एवढाच आमचा सहवास. रात्री ती खोकली की मी उठून बसे. नाही खोकली तरी उठून बसे.

"बाबा, तुम्हाला अँग्झायटी आहे," कन्येने निदान केले. "ऑनलाइन सेल्फ हेल्प करा." सेल्फ सर्व्हिस मला उडप्याकडची माहीत. तिथे आपली थाळी आपण उचलायची; इथे आपले मन.

पहिल्या अॅपने डोळे मिटून निळाशार समुद्र बघायला सांगितले. समुद्र दिसणार इतक्यात 'पाच मिनिटांत पर्सनल लोन' अशी जाहिरात आली आणि मी व्याजदर काढत बसलो. व्हॉट्सअॅपवरच्या एका काकांचे म्हणणे, दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही. हे साफ खोटे आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगेपर्यंत आमच्या शाखेतले निम्मे लोक जांभळे झाले होते.

त्याच संघटनेने एप्रिल २०२० मध्ये ताणावर एक सचित्र पुस्तिका काढली होती, ती मात्र बरी निघाली. त्याच पठडीतला अभ्यासक्रम आधी युगांडात, दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित बायकांसाठी वापरून पाहिलेला. ज्यांचे घरच सुटले त्यांच्यापुढे ठेवलेले पुस्तक घरात बसून कंटाळलेल्यांनी उघडायला हरकत नव्हती. त्यात म्हटले होते, की त्रासदायक विचाराशी झोंबू नका. 'हा एक त्रासदायक विचार आला आहे' असे त्याचे नाव घ्या, पाय जमिनीला टेकवा आणि हातातल्या कामाकडे वळा.

अहो, हे तर आमचे सस्पेन्स खाते! दिवसअखेर एखाद्या रकमेचा धागा लागला नाही की आम्ही ती तिथे टाकतो. रक्कम नाहीशी होत नाही, पण त्या रात्री शटर ओढून घरी जाता येते. 'आईला माझ्यामुळे काही झाले तर' ही रक्कम मी रोज रात्री सस्पेन्सला टाकू लागलो. सकाळी ती जशीच्या तशी उभी असे. पण मधले चार तास मी झोपलेला असे.

मग कन्येने आणखी एक व्यायाम दिला. भीती वाटली की पाच गोष्टी बघायच्या, चारांना स्पर्श करायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास घ्यायचे आणि एक चव. जूनमध्ये एका रात्री सुरू केला. पंखा, कपाट, कॅलेंडर वगैरे झाले, हात लावून झाले, आवाजही झाले. वासाशी गाडी अडली. एकही वास येईना! आणि वास न येणे हे लक्षण सरकारने त्याच महिन्यात, १३ तारखेला, यादीत घातलेले. भीती घालवायचा व्यायाम करता करता मला दरदरून घाम फुटला. घामालाही वास नाही!

उठलो, अंधारातच स्वयंपाकघरात गेलो. हिंगाची डबी जागेवर नव्हती. दिवा लावला, तर ओट्याशी आई उभी. डबी नाकाशी धरलेली.

"मी बघते रोज, या वेळी," ती म्हणाली. "तू झोपलेला असतोस."

तिने डबी ओट्यावर ठेवली आणि मोजून सहा फूट मागे सरकली. मी पुढे होऊन हुंगली. नाकात असा झटका बसला, की डोळ्यांत पाणी आले.

"येतोय ना?"

"येतोय."

"मग झोप आता. आणि झाकण घट्ट लाव, वास उडतो."