वायसर, टेफ्लॉन आणि आमचा संडे

संडे म्हटलं की तुम्हाला ब्रंच आठवतो? आमच्या परळच्या चाळीत संडेचा अजेंडा आई शनिवारी रात्रीच जाहीर करते. मी लालबागहून मसाला कुटून आणायचा, बाबांनी पोयबावडीतून भाजी आणि मोरीवरच्या टाकीचा गळका नळ... तो आजोबांचा!

आजोबा गिरणीत फिटर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि नोकरी कायमची गेली. मग चाळीचाळीतले नळ दुरुस्त करून त्यांनी घर चालवलं. आता हात थरथरतात, म्हणून या वेळी पाना माझ्याकडे.

"आधी कॉक बंद कर," खाटेवरून ऑर्डर आली. नळ खोलला, तर वायसर पार झिजलेला. नवा घ्यायला जाताना जुना नमुन्याला न्यायचा, हा पहिला धडा. दुसरा, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली की नळ बसवताना सुटते. माझी दोनदा सुटली!

"चाळ पाडणारच आहेत ना? मग कशाला?" मी वैतागले.

"पाडेपर्यंत आंघोळ करायचीय ना?"

हिशेब केला. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. निदान चार लिटर! तानसाचं पाणी १८९२पासून इतक्या लांबून मुंबईत येतंय, ते असंच मोरीत सोडायचं?

संध्याकाळी कॉक उघडला. आजोबा भिंतीला धरून मोरीशी आले, कान देऊन उभे राहिले. टपटप बंद!

"जमलं," एवढंच म्हणाले. पाना मात्र परत मागितला नाही.