सरड्याचे कुंपण

रसायनीत राहणाऱ्याला सरडा शोधायला रानात जावे लागत नाही. मोहोपाड्याकडच्या वसाहतींच्या कुंपणावर, पाताळगंगेच्या काठच्या निरगुडीत, बंद पडलेल्या शेडच्या पत्र्याशेजारी तो असतोच. पावसाळा जवळ आला की नराचे डोके नि गळा लालभडक होतो आणि तो खांबावर जोर काढत बसतो. सुस्त सकाळी, ऊन चढण्याआधी, तो हातानेही धरता येतो. मग काचेची पेटी, थोडी वाळू, एक वाकडी फांदी, वर एक दिवा, असे सगळे मनात आपोआप मांडले जाते. हा मोह मलाही होता आणि त्याला मी बालिश म्हणणार नाही. जे आवडते ते जवळ असावे असे वाटणे माणसाच्या स्वभावातच आहे. पुष्कळ विचारांती मी ‘नाही’ असे ठरवले. या नकाराची कारणे मात्र लोक सहसा सांगतात त्याहून वेगळी आहेत, आणि दुसऱ्या बाजूचे मुद्देही दुबळे नाहीत.

आधी कायद्याचे बोलून टाकू, कारण ते थोडक्यात संपते. पकडलेले पिल्लू घोरपडीचे असेल तर ठरवण्यासारखे काही उरतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात नुसते पकडणेही येते. शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंतची. २०२२च्या दुरुस्तीने दंडही किमान पंचवीस हजारांवर नेला. ही कडक शिक्षा उगाच नाही. घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय वाळवून ‘हत्थाजोडी’ नावाची भाग्यवान मुळी म्हणून विकले जाते, आणि घरात आणून ठेवलेली घोरपड त्या बाजारापासून फार लांब नसते. आपल्या कातकरी वाड्यांवर पूर्वी पोटासाठी घोरपड मारली जाई; त्या भुकेला आणि काचेच्या पेटीच्या हौसेला मी एका तागडीत टाकणार नाही. पण कायद्याने फक्त दार लावलेले असते, दारामागे काय आहे ते तो सांगत नाही. सरड्याला कायद्याचे अजिबात कवच नाही असे क्षणभर धरून चालले, तरी माझे उत्तर बदलत नाही, आणि ते का बदलत नाही हेच मला इथे मांडायचे आहे.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण तोकड्या कुवतीच्या माणसासाठी वापरतो. सरड्याकडे नीट पाहिले तर तिचा अर्थ उलटा होतो. ते कुंपणच त्याचे राज्य असते. कोणत्या खांबावर सकाळचे पहिले ऊन पडते, कोणत्या फटीत मुंग्यांची रांग निघते, ससाणा किंवा भारद्वाज आला तर कोणत्या पानाआड सरकायचे, पाऊस थांबल्यावर कोणत्या पानावर थेंब टिकतात, हे सगळे त्याच्या देहात भिनलेले असते. त्याच्या शरीराची उष्णता आतून तयार होत नाही. ऊन, सावली, गरम दगड, ओली माती यांच्यात जागा बदलत तो ती दिवसभर सांभाळतो. म्हणजे त्याच्यासाठी जागा बदलता येणे ही चैन नसून आपल्यासाठी श्वास जसा तसे ते काम आहे. पेटीत एकच तापमान, एकच फांदी, चारही बाजूंना काच. आणि काच म्हणजे काय हे सरड्याला कधीच कळत नाही. तो तिच्यावर नाक घासत राहतो. नाकाची कातडी सोलली जाते, जखम चिघळते. पाहणाऱ्याला वाटते, किती चपळ आहे हा.

त्याहून वाईट जे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक पट्टा कातडीवर पडला की सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याशिवाय कॅल्शियम हाडांत जात नाही. साधी खिडकीची काच नेमका तोच पट्टा अडवते. खिडकीत ठेवलेली पेटी उन्हाने न्हालेली दिसते, आतला सरडा मात्र त्या अर्थाने अंधारातच असतो. काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, भक्ष्यावर झेप घेता येत नाही. कोकणात चार महिने आभाळ दाटलेले असते, तरी बाहेरचा सरडा प्रत्येक उघडीप टिपतो. पेटीतल्या सरड्याच्या वाट्याला उघडीप येतच नाही. शिवाय रानातल्या बहुतेक सरड्यांच्या पोटात कृमी असतात. बाहेर त्यांचे नि सरड्याचे कसेबसे जमलेले असते. कोंडल्याच्या ताणाने तो तोल ढळतो आणि कृमी वरचढ होतात. पुष्कळ झाडसरडे वाटीतले पाणी ओळखत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. भरल्या वाटीशेजारी ते तहानेने सुकतात. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आजारांत मुरलेला पशुवैद्य तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही.

यावर खरा आक्षेप असा, की हे सगळे अडाणी पाळणाऱ्यांचे होते. नीट अभ्यास करणाऱ्यांचे प्राणी जगतात. हे म्हणणे खोटे नाही. ब्रिटनमधल्या पाळणाऱ्यांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात साप, सरडे, कासवे मिळून पहिल्या वर्षात मेलेल्यांचे प्रमाण ३.६ टक्केच निघाले. घरी आणलेला प्रत्येक सरडा मरतोच असे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चुकीच्या आधारावर बरोबर गोष्ट सांगितली की ती टिकत नाही. पण त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी आहेत. तिथल्या लोकांकडच्या सरड्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसाच्या घरीच जन्मलेले होते, रानातून धरलेले नव्हते. आणि शॅमेलिऑनांमध्ये, म्हणजे आपल्या सरडगुहिऱ्याच्या भाऊबंदांत, पहिल्या वर्षातल्या मृत्यूचे प्रमाण २८.२ टक्के होते. एकूण सरासरी एक गोष्ट सांगते, जात वेगळीच गोष्ट सांगते. परदेशात घरोघर दिसणारा ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा आपल्या सरड्याच्याच कुळातला, पण तो पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मत आला आहे. आपल्या कुंपणावरच्याला त्या यादीत बसवणे म्हणजे गावठी कुत्रा माणसाळला म्हणून कोल्हा दाराशी बांधणे.

हातात धरलेला सरडा नेमका कोणता, हेही आपल्याला वाटते तितके सोपे नाही. ज्याला देशभर एकाच शास्त्रीय नावाने ओळखत होते, त्या बागेतल्या सरड्याच्या त्या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या आहेत, असे २०२१च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा सरडा २०१६ साली नव्या प्रजातीत गेला, आणि त्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी नाव दिले ‘सरडा’. आपल्या बोलीतला शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसला, याचा मला फार आनंद आहे. सह्याद्रीतल्या काही पाली एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या पठारापुरत्याच आहेत. चार-दोन उचलल्याने काय होते, हा हिशेब भरपूर असलेल्या जिवाचा. हातातला जीव भरपूर आहे की मोजका, हे ओळखण्याइतके ज्ञान पकडणाऱ्याकडे सहसा नसते.

सर्वांत अवघड आक्षेप रसायनीचाच आहे. बाहेर काय उरले आहे, असे लोक विचारतात. गावाच्या नावातच रसायन. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स १९६० साली स्थापन झाली आणि इथला कारखाना आला, पुढे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या इथल्या कारखान्यात डीडीटी बनू लागले. डोंगरउतारांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, शेतांत राब भाजले जातात, द्रुतगती मार्ग झाला, पनवेलच्या विमानतळाने जमिनीचे भाव वाढवले, आणि कर्नाळ्याचे अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटर. अशा जागी सरडा पेटीतच सुरक्षित नाही का? हा प्रश्न ऐकला की मी थांबतो, कारण त्यामागे दया आहे. पण पेटीत गेलेला सरडा त्याच्या जातीपुरता त्या दिवशीच मेलेला असतो. तो किडे खात नाही, पिल्ले देत नाही, ससाण्याच्या पोटात जात नाही. पेटीने एक जीव झाकला जातो, सरड्यांची संख्या मात्र एकाने घटतेच. धोका वणव्याचा आणि फवारणीचा असेल, तर उपायही वणव्यावर आणि फवारणीवरच करावा लागेल.

मुलांचा मुद्दा उरतो. हातात घेतल्याशिवाय मुलाला जीव कळत नाही, असे म्हणतात, आणि उदाहरण सालिम अलींचे देतात: लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे ते पक्ष्यांकडे वळले. ते खरेच आहे. पण त्याच सालिम अलींनी आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला आणि १९३१ साली मांडला, तो पक्षी कोंडून केलेला नव्हता. घरट्यासमोर तासन्‌तास बसून केलेला होता. नर अर्धे घरटे विणून मादीची वाट बघतो, तिने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरीसाठी नवे सुरू करतो, हे पिंजऱ्यातल्या सुगरणीने कधीच सांगितले नसते. सरड्याचेही तसेच. एकाच खांबावर रोज तोच नर ओळखू येतो, शेपटीच्या टोकावरून, पाठीवरच्या डागावरून. गळा कधी लाल झाला, शेजारच्या नराशी भांडण कुठल्या खांबावर झाले, कोण हरला, हे वहीत उतरवणाऱ्या मुलाला पेटीतल्या सरड्यापेक्षा कितीतरी अधिक कळेल. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंचा खरा धोका असतो. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री याच कारणाने बंद केली.

थोडे दिवस ठेवून सोडून देऊ, ही तडजोड मला सर्वांत कमी पटते. सोडणारा सहसा दुसरीकडेच सोडतो, माथेरानच्या वाटेवर किंवा एखाद्या सुंदरशा धबधब्याशी, आणि तिथे त्याला ना खांब ओळखीचा ना फट. दुसऱ्या जागेचेही त्याने भले होत नाही: सिंगापूरमध्ये १९८०च्या दशकात बाहेरून आलेल्या याच कुळीच्या सरड्याने तिथल्या हिरव्या तुरेवाल्या सरड्याला मोकळ्या जागांतून मागे रेटले. पेटीत आधीच एखादा असेल, तर जिथून उचलला त्याच कुंपणाशी, उन्हाच्या वेळी तो परत ठेवावा. जखमी असेल किंवा घोरपड असेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आणि कुंपण. नव्या गृहसंकुलांत करवंदीचे, निरगुडीचे, मेंदीचे कुंपण काढून सिमेंटची भिंत येते, तिच्या बुडाशी फरशी बसते. जून-जुलैत मादी सरडा खांबाच्या मुळाशी मऊ माती उकरते, दहा-वीस अंडी घालते, माती पुन्हा सारखी करते आणि निघून जाते; दीड-दोन महिन्यांनी पिल्ले आपापली वर येतात. त्यासाठी तिला कुंपणाच्या बुडाशी वीतभर उघडी, न फवारलेली जमीन लागते.